भाऊ ऐकतोय का, हे आधी घरीच नीट विचारून बघा

पत्र (थोडं आटोपशीर करून): माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. साडेतीन महिन्यांपूर्वी कऱ्हाडजवळ त्याच्या मोटारसायकलला पिकअपनं ठोकरलं. डोक्यात रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. महिनाभर आयसीयूत होता, आता घरी आहे. गळ्याला नळी आणि नाकातून पातळ जेवण. डोळे उघडतो, झोपतो, जागा होतो, पण सांगितलेलं काही करत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘व्हेजिटेटिव्ह’ आहे. आई म्हणते, हातात हात दिला की तो घट्ट धरतो, आणि बैलांचा विषय काढला की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. माझे मिस्टर म्हणतात, हे सगळं आपोआप होतं, आईंना खोटी आशा लावू नकोस. चुलते त्याच्या उशाशीच उभं राहून म्हणतात, अरुणा शानबागसारखं चाळीस वर्षं करत बसणार का? आता व्हॉट्सॲपवर आलंय की अशा चार रुग्णांतल्या एकाला सगळं कळत असतं आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये ते दिसतं. वडील त्या स्कॅनसाठी वीस गुंठे विकायला निघालेत. स्कॅन करावा का? आणि त्याला खरंच कळत असेल, तर ते जास्त भयंकर नाही का?

— एक ताई, पुणे

प्रिय ताई,

जमीन विकू नका. निदान या स्कॅनसाठी तरी नको. बाकीचं सविस्तर सांगते, पण बोलणी सुरू झाली असतील तर आज रात्रीच वडिलांना फोन करून इसार घेऊ नका म्हणून सांगा.

व्हॉट्सॲपवर आलेलं खोटं नाही, अर्धवट आहे. गोष्ट सुरू होते २००६ साली केंब्रिजमध्ये. एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे २३ वर्षांची एक तरुणी होती. रस्त्यावरच्या अपघातानंतर पाच महिने ती तुमच्या भावासारखीच होती, डोळे उघडे पण सांगितलेलं काही न करणारी. तिला एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या मशीनमध्ये झोपवून सांगितलं, तू टेनिस खेळतेयस असं मनात आण. मग सांगितलं, आता स्वतःच्या घरातल्या खोल्यांमधून चालत जातेयस असं मनात आण. टेनिसच्या वेळी हालचालीची आखणी करणारा मेंदूचा भाग चेतला, घराच्या वेळी जागा ओळखणारा. धडधाकट माणसांच्या मेंदूत अगदी हेच होतं. (आपल्याकडे कबड्डी म्हणावं लागेल, टेनिस किती जण खेळलेत!) २०१० मध्ये बेल्जियममधलं लीज आणि केंब्रिज इथल्या ५४ रुग्णांची अशी तपासणी झाली. पाच जणांनी सांगितलेलं मनात आणून दाखवलं. त्यातल्या एकानं तर ‘हो’साठी टेनिस आणि ‘नाही’साठी घर अशी खूण धरून वडिलांच्या नावासारख्या सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली.

‘चारात एक’ हा आकडा २०२४ चा आहे. सहा केंद्रांमधल्या ज्या २४१ रुग्णांकडून बाहेरून कसलाच प्रतिसाद मिळत नव्हता, त्यांतल्या ६० जणांच्या मेंदूनं एफएमआरआयवर किंवा ईईजीवर (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद) सूचना पाळल्याचं दिसलं. म्हणजे २५ टक्के. शरीर हलत नाही पण आत सूचना पोहोचते आणि पाळली जाते, अशी ही अवस्था. वय कमी असलेल्यांत आणि मार लागून इजा झालेल्यांत ती जास्त आढळली. तुमचा भाऊ या दोन्हींत बसतो, हे मी मुद्दाम लपवत नाही.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा त्या मेसेजमध्ये नव्हता. ११२ रुग्ण असे होते की सांगितलेली हालचाल ते डोळ्यांदेखत करून दाखवत होते. त्यांना शुद्ध आहे याबद्दल वादच नव्हता. त्यांची तीच तपासणी केली, तर फक्त ३८ टक्क्यांची सकारात्मक आली. बाकीचे जागे होते, समजत होतं, तरी यंत्राला दिसले नाहीत. कुणी मध्येच डुलकी काढली असेल, कुणाला तितका वेळ लक्ष एकवटता आलं नसेल. दारावरची कडी वाजवली आणि आतून ‘ओ’ आली तर घरात माणूस आहे, ‘ओ’ आली नाही म्हणून घर रिकामं ठरत नाही. हा स्कॅन तसाच आहे. ‘हो’ म्हणाला तर मोठी बातमी, ‘नाही’ म्हणाला तर तुम्ही होतात तिथेच, फक्त वीस गुंठे कमी.

शिवाय ही तपासणी मोठ्या दवाखान्यात पावती फाडून करून मिळते अशी नाही. जगभरात ती मुख्यतः संशोधन करणाऱ्या मोजक्या केंद्रांत होते. तुम्हाला कुणी ‘एमआरआयमध्ये शुद्ध दाखवतो’ म्हणालं तर सावध व्हा. नेहमीचा एमआरआय मेंदूला कुठे किती इजा झाली ते दाखवतो. भाऊ ऐकतोय का हे त्यात दिसत नाही. आणि पुढचा टप्पा ठरलेला असतो, ‘स्टेम सेल’चं पॅकेज. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेंदूच्या इजेवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त रीतसर परवानगी घेतलेल्या संशोधनातच देता येतो, आणि संशोधनात भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की तिथून उठा.

आता आईंच्या आणि तुमच्या मिस्टरांच्या वादाकडे येते, कारण खरं काम तिथे आहे.

मी न्यूरो पुनर्वसनात फिजिओ म्हणून काम करते. अशा रुग्णाच्या खोलीत गेले की मला डॉक्टरांच्या कागदाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या माणसाचं म्हणणं. २००९ मध्ये बेल्जियममध्ये ४४ रुग्ण, ज्यांना उपचार करणाऱ्या टीमनं एकमतानं व्हेजिटेटिव्ह ठरवलं होतं, त्यांची ठरावीक पद्धतीनं पुन्हा तपासणी केली. त्यातले १८, म्हणजे ४१ टक्के, थोड्याफार शुद्धीत निघाले. स्कॅन नव्हता, महागडं यंत्र नव्हतं. आरसा, आवाज, हातात दिलेली वस्तू आणि शांतपणे दिलेला वेळ, एवढंच. त्या पद्धतीला ‘कोमा रिकव्हरी स्केल रिव्हाइज्ड’ म्हणतात, आमच्यात नुसतं सीआरएस-आर. आणि ती एकदा करून भागत नाही. शुद्ध चढते-उतरते. सकाळी नऊला असते, साडेदहाला नसते. म्हणून दोन आठवड्यांच्या आत वेगवेगळ्या वेळी निदान पाच वेळा करावी, असं आता धरलं जातं. तुमच्या भावाची अशी तपासणी किती वेळा झाली? तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या फोटोवर ‘ई४ व्हीटी एम४’ एवढंच आहे. म्हणजे डोळे आपणहून उघडतो, नळीमुळे बोलणं तपासता आलं नाही, दुखवलं की हात मागे घेतो. आयसीयूत हे मोजमाप उपयोगी, पण महिन्यांनंतर घरी भान आहे की नाही हे ठरवायला ते पुरत नाही.

म्हणून तुम्ही आणि आईंनी मिळून एक काम करायचं. दोनशे पानी वही घ्या.

हात घट्ट धरण्याचं आधी सांगते, कारण इथे मिस्टरांचं म्हणणं बरोबर असू शकतं. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते मुठीत पकडतं, तसं मेंदूच्या मोठ्या इजेनंतर पुन्हा होऊ लागतं. तळव्याला काहीही लागलं की मूठ वळते, त्यात भान असेलच असं नाही. म्हणून ‘हात दाब’ ही परीक्षा फसवी. त्याऐवजी आईंनी ‘सोड’ म्हणायचं. पकडलेला हात सांगितल्यावर सोडणं हे आपोआप घडणं खूपच अवघड. ‘बाळा, सोड हात’ असं एकदाच, स्पष्ट, मराठीतच, घरात ज्या बोलीत बोलता त्या बोलीत म्हणायचं आणि मग मनात दहापर्यंत अंक मोजायचे. घाई नको. अशा मेंदूला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि आपण दोन सेकंदांत दुसरी आज्ञा देऊन पहिलीवर पाणी ओततो. सोडला तर वहीत टिक, नाही तर फुली. फुल्याही लिहायच्या, नाहीतर वही काही कामाची नाही. आणि तितक्याच वेळा काही न म्हणता हात धरून बसायचं, आपणहून किती वेळा सोडतो तेही लिहायचं. न सांगता सोडतो तितकाच सांगून सोडत असेल, तर अजून काही कळलेलं नाही. चारपैकी तीन-चार वेळा फक्त सांगितल्यावर सोडला आणि हे पुन्हा पुन्हा झालं, तर ती बातमी आहे.

डोळ्यांतल्या पाण्याचं असंच. डोळे कोरडे पडूनही पाणी येतं, रडण्यासारखा चेहरा कारणाशिवायही होतो. पण मनाला भिडणाऱ्या विषयावरच येतं आणि साध्या विषयावर येत नाही, असं ठरलं तर तज्ज्ञ ते भानाचं लक्षण मानतात. म्हणून आईंनी एक दिवस बैलांबद्दल बोलायचं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ, त्याच आवाजात, लाइटबिल आणि दुधाच्या हिशोबाबद्दल. कंटाळवाणं बोलायचं, मुद्दाम. दोन्हींत डोळे भरत असतील तर डोळ्यांचे थेंब लागतील, आणि बैलांनाच भरत असतील तर वहीत तारीख घालून लिहा.

तिसरी गोष्ट आरसा. हातात मावेल एवढा आरसा त्याच्या चेहऱ्यासमोर, त्याला स्वतःचं तोंड दिसेल असा धरा आणि सावकाश एका बाजूला न्या, मग दुसऱ्या. नजर आरशाबरोबर सरकते का? भान परत येताना नजर मागोमाग जाणं हे बऱ्याचदा सगळ्यात आधी दिसतं, आणि बोट किंवा बॅटरी फिरवून जे दिसत नाही ते आरशानं दिसतं. माणसाला स्वतःचा चेहरा दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त खेचतो. हे करताना त्याला उशांच्या आधारानं बसतं करा, आडवा असताना नको. टीव्ही बंद. खोलीत दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. अंघोळ, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) किंवा फिजिओनंतर लगेच नको, तो दमलेला असतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात आज्ञा देण्याआधीचा अर्धा मिनिटही येऊ द्या. नाहीतर डॉक्टर विचारणारच की आधीपासून हलत होता का.

ही वही मिस्टरांनाही लिहू द्या. मी हे खोडसाळपणे म्हणत नाही. शंका घेणारा माणूस फुल्या प्रामाणिकपणे मारतो.

वहीत काहीही निघो, न्यूरोसर्जनकडे लवकर जायला हवं, कारण काही गोष्टी माणसाला गुंगीत ठेवतात आणि त्या दुरुस्त होण्यासारख्या असतात. डोक्यात पाणी साठलंय का, हे साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, घालून त्यावर उपाय होतो. पोटातलं हाड अजून परत बसवलं नाही, म्हणजे डोक्याची ती बाजू आत बसली असेल. त्यामुळे मेंदूवर ताण येतो, आणि हाड बसवल्यावर काही रुग्णांत जागेपणा सुधारलेला दिसतो. हाड कधी बसवणार हे विचारा. फिट्सची औषधं आणि आखडलेल्या हातापायांसाठी दिलेलं बॅक्लोफेन, या दोन्हींनी सुस्ती येते. डोस बघायला सांगा, स्वतः कमी-जास्त करू नका. बाहेरून न दिसणाऱ्या फिट्स चालू नाहीत ना, यासाठी साधा ईईजी होतो, आणि तो तुमच्या जवळपासच्या शहरातही होईल. लघवीचा संसर्ग आणि सोडियमही तपासून घ्या. आणि अमान्टाडिनबद्दल विचारा. पार्किन्सनसाठी वापरलं जाणारं हे जुनं औषध. २०१२ मध्ये १८४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. डोक्याला मार लागून ४ ते १६ आठवडे झालेले रुग्ण होते, आणि औषध चालू असलेल्या चार आठवड्यांत त्यांची सुधारणा वेगानं झाली. औषध थांबल्यावर तो वेग मंदावला, हेही खरं. जादू नाही, पण मार लागलेल्या मेंदूसाठी इतका चांगला पुरावा असलेली औषधं फार नाहीत. तुमचे साडेतीन महिने म्हणजे साधारण पंधरा आठवडे झाले. म्हणून ‘दिवाळीनंतर बघू’ नको. फिट्स येत असतील तर डॉक्टर कदाचित नको म्हणतील, तो निर्णय त्यांचा.

चुलत्यांनी अरुणा शानबाग यांचं नाव घेतलं, तर त्याबद्दल दोन वाक्यं. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. १९७३ मध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा गळा साखळीनं आवळला गेला होता. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, अशा इजेत मेंदूच्या बहुतेक भागांना एकदमच फटका बसतो. तुमच्या भावाला मार लागला आहे, आणि त्यातून सावरण्याची शक्यता प्राणवायूच्या इजेपेक्षा बरीच जास्त असते, वेळही जास्त मिळतो. दोघांना एका मापानं मोजू नका. राहिला प्रश्न चाळीस वर्षांचा. केईएमच्या परिचारिकांनी २०१५ पर्यंत त्यांना सांभाळलं ते पाळ्या लावून. तुमच्या घरी पाळी कुणाची आहे? पत्रात फक्त आई दिसतात. बहिणी, चुलत भाऊ, चुलते स्वतः, सगळ्यांची नावं कागदावर घाला. कूस दर दोन तासांनी बदलायची तर रात्री कोण उठतं, हे मला वाचायला आवडलं असतं. जमिनीचे पैसे कशावर तरी खर्च करायचेच असतील तर रात्रपाळीच्या मदतनीसावर, एअरबेडवर आणि आठवड्यातून काही वेळा येणाऱ्या फिजिओवर करा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्याला कळत असेल तर ते जास्त भयंकर नाही का?

मला या प्रश्नाचं गोड उत्तर देता येत नाही. थोडी माहिती आहे ती सांगते. कॅनडातल्या एका रुग्णाला बारा वर्षं व्हेजिटेटिव्ह धरलं होतं. २०१२ मध्ये स्कॅनमधून त्याला विचारलं, दुखतंय का? उत्तर आलं, नाही. एका माणसाचं उत्तर आहे, त्यावरून सगळ्यांचं ठरवता येत नाही. २०११ मध्ये फ्रान्समध्ये फक्त डोळ्यांनी बोलू शकणाऱ्या, पूर्ण शुद्धीतल्या ६५ रुग्णांना विचारलं तेव्हा ४७ जणांनी आपण सुखी आहोत असं सांगितलं, १८ जणांनी नाही म्हटलं. ती माणसं बोलू तरी शकत होती, तुमचा भाऊ नाही, म्हणून हा आकडा मी जसाच्या तसा त्याला लावत नाही. पण बाहेरून बघणाऱ्याला जे असह्य वाटतं, ते आतल्या माणसाला तसंच वाटतं असं धरून चालू नये, एवढं यातून नक्की निघतं. सगळ्यात भयंकर मला वेगळंच वाटतं. कळतंय, आणि उशाशी उभं राहून घरातली माणसं आपला हिशोब करतायत.

म्हणून चुलत्यांचं बोलणं आज बंद करा. त्याला ऐकू येतं हे सिद्ध होण्याची वाट बघू नका. ऐकू येत नसेल तर दारापलीकडे जाऊन बोलण्यात तुमचं काय गेलं? सक्शन करण्याआधी त्याला सांगा, ‘नळी घालतेय, खोकला येईल.’ जखम धुताना, हातपाय ताणताना दुखतं असंच धरा आणि डॉक्टरांकडून वेदनेचं औषध लिहून घ्या. खोलीत शिरताना आपलं नाव सांगा, वार-तारीख सांगा. दिवसभर भजनं किंवा रेडिओ लावून ठेवू नका, सततच्या आवाजात आईचा आवाज वेगळा ऐकू येत नाही.

आईंना काय सांगायचं? तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच अडलंय असं वाटलं. त्यांना सांगा की तुझं म्हणणं खोटं नाही आणि अजून सिद्धही नाही, आपण बघतोय. मिस्टरांना सांगा की २०१८ पासून अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेनंही ‘कायमचा व्हेजिटेटिव्ह’ हा शब्द सोडून ‘दीर्घकालीन’ म्हणायला सुरुवात केली, कारण वर्षानंतरही सुधारणारे थोडे रुग्ण त्यांना सापडले. थोडेच. आणि सुधारणा म्हणजे बैलगाडी हाकणं नव्हे. पुष्कळदा ती ‘हो-नाही’ची खूण, घशाखाली उतरलेला चमचाभर शिरा, आधारानं बसणं एवढीच असते. बरेचजण जन्मभर दुसऱ्यावर अवलंबून राहतात. हे आईंपासून लपवू नका, त्या तुम्हाला वाटतात त्यापेक्षा खंबीर आहेत. तो घरी आल्यापासून रोज सक्शन मशीन चालवणाऱ्या बाईला ‘खोटी आशा’ हा शब्द मी तरी वापरणार नाही.

उपचार थांबवण्यासारखे निर्णय आज घ्यायचे नाहीत. कधी वेळ आलीच तर २०११ आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे त्यासाठी रीतसर मार्ग आहे, आणि तो दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मंडळांतून जातो, चुलत्यांच्या मतातून नाही.

जाताना एक कोरडी गोष्ट. पिकअपनं ठोकरलं म्हणता, तर मोटार अपघात दाव्याचा अर्ज झाला का? कायद्यात आता सहा महिन्यांच्या मुदतीचा मुद्दा येतो, आणि तुमचे साडेतीन गेले. एफआयआर, गाडीचा नंबर, विम्याचे तपशील, सगळी बिलं घेऊन या आठवड्यात वकील गाठा. न्यूरोसर्जनकडे जाताना वही, व्हिडिओ, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पहिल्या दिवसापासूनच्या सीटीच्या सीडी न्या. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा की सीआरएस-आर करणारं कुणी तिथे आहे का. नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या न्यूरो किंवा पुनर्वसन विभागात चौकशी करा, आणि वेळ सकाळची मागा, तो सगळ्यात जागा असतो ती.